वास आला, रोग पळाला

“मानवाने अग्नी जिंकला, वारा जिंकला, पाणी जिंकले. आता उरले आहे ते फक्त रसायन, आणि त्याच्याही नाकात वेसण घालण्याचा आरंभ आज भेस्तानच्या या भूमीवरून होत आहे,” असं शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, भूपेंद्र सोनवणे यांनी जाहीर केलं आणि समई पेटवायला काडी ओढली. काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी काडी तळहाताच्या आडोशाने कशीबशी वातीपर्यंत पोचली, तेवढ्यात वाऱ्याने टेबलावरचं भाषण उचललं आणि कुंपणापलीकडे नेलं. ते बघून प्रमुख पाहुण्यांना हसू आलं, हसता हसता ठसका लागला, त्यांनी पाणी मागितलं, आणि तेव्हा कळलं की नळाला दोन दिवस पाणी नाही आणि माठ पालथा घातलेला आहे.

अग्नी, वारा आणि पाणी या तिघांनी मिळून पाच मिनिटांत भाषणाचा निकाल लावला. रसायनाने मात्र त्या दिवशी काहीच केलं नाही. त्याला घाई नव्हती.

हा मार्च शहाण्णवचा पहिला सोमवार, म्हणजे सुरक्षा दिन. पाहुणे कुठल्याशा डाइंग मिलचे सुरक्षा अधिकारी होते. ते कोरड्या घशानेच सात मिनिटं बोलले. विषारी वायू गळला तर खाली दडून बसू नका, वर चढा. वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवे पळा. नाकावर ओला रुमाल धरा. एवढं सांगून त्यांनी कवटीचं चित्र असलेली दोन पोस्टरं शाळेला भेट दिली, नाकाला रुमाल बांधला आणि मोटरसायकलवरून निघून गेले. रुमाल रस्त्यावरच्या धुळीसाठी असावा, असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं.

“बाकीचं लोटूसर शिकवतील,” आचार्य म्हणाले.

लोटूसर म्हणजे लोटू बाविस्कर. बावीस वर्षांपूर्वी अमळनेरकडून सुरतेत आले ते खरं तर लूम चालवायला. पण मागावर उभं राहण्यापेक्षा फळ्यासमोर उभं राहणं कानांना बरं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. ज्ञानवर्धिनी मराठी प्राथमिक शाळेत ते तिसरी आणि चौथीला एकत्र शिकवत. एकत्र अशासाठी की तिसरीच्या बाई कायम कुठल्या ना कुठल्या डोस पाजण्याच्या कामावर असत. शाळा दुमजली, पण खड्ड्यात बांधलेली. पावसाळ्यात तळमजल्यावर ज्ञानाआधी पाणी वाढायचं. सकाळच्या पाळीत तळमजला रिकामा असे. वरच्या मजल्यावर लोटूसर, त्यांची चव्वेचाळीस पोरं आणि कोपऱ्यातल्या खोलीत आचार्य, एवढाच संसार. पोरं सगळी समोरच्या चाळीतली. त्यांचे बाप लूमवर किंवा रंगाच्या मिलमध्ये, आया साडीला टिकल्या लावणाऱ्या, आणि घरोघर बोली अहिराणी.

“बाकीचं लोटूसर शिकवतील,” हे आचार्य उगाच म्हणाले नव्हते. लोटूसर एकदा शिकवत ते पोर जन्मात विसरत नसे. याचा पुरावा भिंतीवर टांगलेला होता. आंतरशालेय स्वच्छता स्पर्धा, प्रथम क्रमांक, लाकडी ढाल.

त्या ढालीची कथा अशी. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा निम्मं सुरत मिळेल त्या गाडीला लोंबकळून गावी गेलं. ही चाळ तर ताप्ती लाइनने थेट अमळनेर-धुळ्यापर्यंत रिकामी झाली. महिन्याभराने माणसं परतली, भीतीला बरोबर घेऊनच परतली. मग शहराची सफाई सुरू झाली. गटारांच्या काठाने ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा पडल्या, आणि दर मंगळवारी ताजी पावडर पडली की मागोमाग फटफट आवाज करत धुराची गाडी गल्लीत येऊ लागली. पोरं त्या वासाला घाबरत. बाया दारं लावून घेत, मग डास आणि पिसवा आत सुखाने नांदत. तेव्हा लोटूसरांनी एक घोषणा रचली, ‘वास आला, रोग पळाला’, आणि तिच्याबरोबर तीन पायऱ्यांची कवायत बसवली. वास आला की पहिली घंटा, दुसऱ्या खिडक्या, तिसरा श्वास. घंटा वाजवायची, शाळेच्या झाडून सगळ्या खिडक्या उघडायच्या, आणि सर्वांनी छाती फुगवून वास आत घ्यायचा, म्हणजे आतला रोगही पळेल.

ही तिसरी पायरी कुठल्याही परिपत्रकात नव्हती. ती लोटूसरांनी पदरची घातली होती. तपासणीला आलेल्या साहेबांना तीच सगळ्यात जास्त आवडली.

कवायत पोरांनी घरी नेली. दीड वर्षात चाळीची अशी सवय झाली की गाडीचा वास आला की बाया दारं सताड उघडून गाद्या बाहेर काढत. शाळेत तर या कामाला स्वतंत्र खातं होतं. स्वच्छतामंत्री म्हणून चौथीतली स्वाती निवडून आली होती. ती अंगाने बारकी होती आणि खिडक्यांच्या कड्या उंच होत्या, म्हणून ती बाकावर चढून काठीने कड्या पाडत असे. घंटा, मग तळमजल्याच्या खिडक्या, मग वरच्या. साऱ्या कारभाराला तिला साडेतीन मिनिटं लागत. इतका कार्यक्षम मंत्री त्या काळात दिल्लीतही नव्हता.

सुरक्षा दिनाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी पाढे चालू असताना स्वातीने नाक वर केलं.

“सर, वास आला. गाडी येतेय.”

आणि उत्तराची वाट न बघता ती काठी घेऊन गेली. घंटा वाजली, खिडक्या उघडल्या, चव्वेचाळीस छात्या फुगल्या. लोटूसरांनीही सवयीने छाती फुगवली. गाडी आली नाही. पंधरा मिनिटं झाली तरी आली नाही. थोड्या वेळाने वासही गेला, आणि स्वाती सगळ्या खिडक्या लावून हिरमुसून जागेवर बसली.

लोटूसर खिडकीशी गेले. शाळेच्या भिंतीला लागून मगनभाईचा भंगारचा वाडा होता. रिकामी पिंपं, मोडके पंखे, तुटलेल्या लूमचे सांगाडे. या सगळ्यात एक कमरेएवढा पिवळा सिलिंडर आडवा पडलेला त्यांना दिसला. भिंतीजवळच्या बोरीची त्या बाजूची पानं कागदासारखी पांढुरकी झाली होती. दुसऱ्या बाजूची हिरवीगार. कुणी अर्धंच झाड धुऊन वाळत घातल्यासारखं. शाळेचं फाटक संक्रांतीलाच रंगवलं होतं, त्याच्या त्या अंगाच्या बिजागऱ्या गंजाने तांबड्या फुटल्या होत्या.

कवटीच्या पोस्टरखाली बारीक अक्षरांत ओळखण्याच्या खुणा दिल्या होत्या, आणि त्यांतली एक सोमवारपासून त्यांच्या डोक्यात घोळत होती. क्लोरिनला ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो. म्हणजे ज्या वासापासून पळायचं, नेमका त्याच वासाकडे छाती फुगवून जायला त्यांनी पोरांना शिकवलं होतं. आणि लोटूसरांनी शिकवलेलं पोर विसरत नसे.

शाळा सुटल्यावर ते वाड्यात गेले. मगनभाई खुर्चीवर बसून पंख्याची जाळी सोडवत होता.

“मगनभाई, तो पिवळा सिलिंडर कसला?”

“पेलो बाटलो? मिलच्या लॉटमध्ये आला, मास्तर. पंख्यांबरोबर फ्री.”

“आत काही आहे?”

“आत काय असणार? लात मारली की टण्ण वाजतो.” मगनभाईने मारून दाखवली. टण्ण वाजला. लोटूसर दोन पावलं मागे सरकले.

“वास येतो त्याचा.”

“वास तर येणारच ने. तुम्हीच पोरांना शिकवता, वास आला, रोग पळाला. माझा नातू पण दिवसभर तेच बोलतो.” मगनभाई हसला. “तुमच्या हिशेबाने तर मी बाटलो उचलून घराच्या ओट्यावर ठेवला पाहिजे.”

“हलवणार कधी?”

“गुरुवारी. वॉल्व्ह पितळेचा छे. तो कापला की बाकी नुसतं लोखंड. बसा, चहा घ्या.”

लोटूसरांनी चहा घेतला. हे त्यांना पुढे फार दिवस खटकत राहिलं.

तिथून ते आचार्यांकडे गेले.

“अर्ज लिहा,” आचार्य म्हणाले. “टपाल शुक्रवारी जातं.”

“तो गुरुवारी कापणार आहे.”

“मग अर्जात तसं स्पष्ट लिहा.”

“निदान पोरांना गच्चीवर जायचा सराव तरी देतो. वायू जड असतो, जमिनीलगत बसतो. वर जाणं हाच उपाय.”

“गच्ची?” आचार्यांचा चेहरा पडला. “कठडा बुटका आहे, लोटूसर. ट्रस्टींच्या ठरावाशिवाय एकही पोर गच्चीवर नेता येणार नाही. कुलूप उगाच लावलंय का?”

“मग सराव कसा करू?”

आचार्य विचारी गृहस्थ होते. त्यांनी थोडा विचार केला. “शेवटच्या पायरीपर्यंत न्या. दाराला हात लावायला सांगा आणि परत खाली आणा.”

“आणि खरंच वायू आला तर?”

“तर मग ठरावच करू.”

बुधवारी लोटूसरांनी फळ्यावर लिहिलं, ‘विषारी वायू व आपण’. वर चढण्याचा सराव दोनदा झाला. पोरं ओळीने शेवटच्या पायरीपर्यंत गेली, दाराला हात लावून वळली आणि ओळीने खाली आली. एकानेही धक्काबुक्की केली नाही. मग वाऱ्याचा धडा झाला. संक्रांतीचे पतंग अजून विजेच्या तारांवर लटकत होते. लोटूसरांनी ते खिडकीतून दाखवले.

“पतंगाची शेपटी जिकडे, तिकडे वास जाणार. आपण तिकडेही पळायचं नाही आणि उलटही नाही. आडवं पळायचं. इथून आडवं म्हणजे कुठे?”

“रेल्वेच्या फाटकाकडे,” वर्ग ओरडला.

“शाबास. आता सांग, स्वाती. वास आला तर काय करायचं?”

स्वाती उभी राहिली. “घंटा, खिडक्या, श्वास.”

“तसं आता नाही करायचं.”

“मग आधी काब्र करायचं होतं, सर?”

काब्र म्हणजे का. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. मंत्र्याला आपल्या खात्याचं धोरण बदललंय का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

लोटूसरांपुढे दोन रस्ते होते. एक सरळ. पोरांनो, ती तिसरी पायरी माझी चूक होती, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण भिंतीवर ढाल होती. वीसेक वर्षांची नोकरी होती. आणि समोर चव्वेचाळीस तोंडं होती, ती संध्याकाळच्या आत चाळीत सांगणार होती की सर चुकले. दुसरा रस्ता जरा वळणाचा होता. हुशार माणसाला वळणाचा रस्ता चटकन दिसतो.

“वास दोन प्रकारचे असतात,” लोटूसर म्हणाले. “एक आपला, एक परका. आपला वास गाडीबरोबर येतो, फटफट आवाज करत. परका वास गुपचूप येतो. आवाज असेल तर घंटा, खिडक्या, श्वास. आवाज नसेल तर नाकावर ओला रुमाल आणि वर. समजलं?”

“समजलं,” वर्ग म्हणाला.

मागच्या बाकावरून वैभवने हात वर केला. वैभव हा शंकेखोर मुलगा होता, त्यामुळे त्याचे गुण नेहमी कमी येत.

“सर, परक्या वासाने आवाज केला तर?”

“तो करत नाही,” लोटूसर म्हणाले. हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की त्यांचं स्वतःचंही समाधान झालं.

गुरुवारी सकाळी वारा मगनच्या वाड्याकडून शाळेवर आणि शाळेवरून चाळीकडे असा होता. तारेवरचा एक निळा पतंग शेपटीने सरळ चाळीकडे बोट दाखवत होता. लोटूसरांनी ते शाळेत येताना पाहिलं होतं, आणि मगनभाईला पुन्हा एकदा सांगावं म्हणून ते त्याच्या फाटकाशीही गेले होते. मगनभाई आलेला नव्हता. आतल्या माणसाने सांगितलं, शेठ दहा वाजता येतील.

दहा वाजता लोटूसर फळ्याकडे तोंड करून भागाकार लिहीत होते. भिंतीपलीकडे कटर चालवायला कुणीतरी डिझेलचं इंजिन सुरू केलं. फट्, फट्, फटफटफट. लोटूसरांनी भाज्य लिहिलं, भाजक लिहिला. इंजिनाच्या आवाजात एक बारीक किंचाळी मिसळली, लोखंडावर पातं लागल्यासारखी. मग फुस्स झालं. मग शाळेची घंटा वाजली.

ते वळले तेव्हा स्वातीची जागा रिकामी होती, कोपऱ्यातली काठी गेलेली होती, आणि त्रेचाळीस छात्या एकाच वेळी फुगायला लागल्या होत्या.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. पिकत आलेल्या लिंबाच्या रंगाचं काहीतरी भिंतीवरून उतरत होतं. ते धुरासारखं वर जात नव्हतं. ओट्यावरून सांडलेल्या पिठासारखं ते खाली यायचं, मग जमिनीवर पसरायचं, मग शाळेच्या खड्ड्याकडे सावकाश वळायचं, घर ओळखीचं असल्यासारखं. मगनची दोन माणसं चाळीच्या दिशेने पळत होती आणि ते त्यांच्या मागोमाग, गुडघ्याएवढ्या उंचीने, अजिबात न धावता त्यांना गाठत होतं. पलीकडे चाळीत उषाबाईंचा आवाज आला, “पोरी, गाद्या काढा वं, गाडी उनी.” पटापटा दारं उघडली.

“श्वास सोडा,” लोटूसर म्हणाले. “ओढू नका.”

“सर, आवाज येतोय ना,” पहिल्या बाकावरची पल्लवी म्हणाली. “आपलाच वास आहे.”

“आपला नाही. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. काल पण आणि आधी पण.”

सर चुकले, ही बातमी वायूपेक्षा वेगाने वर्गात पसरली. एरवी ‘शांत बसा’ म्हटल्यावर जी पोरं दहा मिनिटं घेत, ती एका क्षणात गप्प झाली. त्या शांततेत लोटूसरांना जे सांगायचं होतं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. व्हरांड्यातला माठ बुधवारी भरला होता. रुमाल, टोप्या, पाटी पुसायची फडकी, पल्लवीच्या तर दप्तराची पिशवीच, जे हाताला लागलं ते त्या पाण्यात बुचकळून पोरांनी नाकाला लावलं. उरलेल्या पाण्यासह माठ लोटूसरांनी उचलला आणि ओळ जिन्याला लागली.

सराव उत्तम झालेला होता. पहिली पोरं शेवटच्या पायरीपर्यंत गेली, दाराला हात लावला, शिस्तीत वळली आणि खाली यायला लागली.

“वर,” लोटूसर जिन्याखालून म्हणाले. “वर जा रे.”

“झालं, सर,” वरून एक आवाज आला. “हात लावला.”

जिन्यात उतरणाऱ्या पोरांची आणि चढणाऱ्या पोरांची नाकं एकमेकांना भिडली. कुणीच धक्काबुक्की करेना, कारण तसं शिकवलेलं नव्हतं. गडबड ऐकून आचार्य खोलीतून बाहेर आले. त्यांनी गच्चीच्या दारापाशी गर्दी पाहिली आणि तोंड उघडलं. ते ‘ठराव’ म्हणणार होते याबद्दल लोटूसरांची खात्री आहे. पण तेवढ्यात त्यांची नजर जिन्याच्या झरोक्यातून खाली गेली. शाळेच्या अंगणात घसरगुंडीचा खालचा भाग दिसेनासा झाला होता. आचार्यांनी तोंड मिटलं, कोपऱ्यातली तुळशीची कुंडी दोन्ही हातांनी उचलली, पोरांमधून वाट काढत वर गेले आणि ती कुलपावर घातली. दोनदा घातली. ठरावाशिवाय त्यांनी आयुष्यात केलेलं ते पहिलं काम असावं.

गच्चीवर ऊन होतं. हवा साधी होती. पोरांना बुटक्या कठड्यापासून लांब, मधोमध बसवून लोटूसरांनी मोजलं. त्रेचाळीस. पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच.

खालून आवाज आला. खट्. थोड्या वेळाने पुन्हा, खट्. तळमजल्याच्या कड्या एकेक करून पडत होत्या.

लोटूसरांनी आचार्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून माठात बुडवलं, नाकातोंडाला बांधलं आणि खाली निघाले. जिन्यात त्यांना वरून पोरांचा गलका ऐकू येत होता. पोरं आपापल्या आयांना हाका मारत होती. “आई, आडवी पळ. पतंग बघ, पतंग. फाटकाकडे.” आणि खालून आया ओरडत होत्या. “वर काय करी ऱ्हायनात रे? पडशीन ना मेल्या, उतर खाले.” “तू वर ये नाहीतर फाटकाकडे जा.” “मास्तर कोठे गया तुमना?” मास्तर त्या वेळी जिन्याच्या सातव्या पायरीवर होते, आणि आठवी पायरी त्यांना दिसत नव्हती.

त्यांनी श्वास धरला. पायऱ्या त्यांना पाठ होत्या. डोळ्यांत कांदा चोळल्यासारखी आग झाली. पहिलीच्या वर्गाचं दार उघडं होतं. आत पिवळट हिरव्या पुरात बाकांच्या फळ्या तरंगल्यासारख्या दिसत होत्या आणि खिडकीजवळच्या बाकावर स्वाती उभी होती. काठी वर धरलेली, चेहरा उघड्या खिडकीकडे. उंची कमी म्हणून तिला बाकावर चढावं लागायचं, आणि पूर अजून बाकाच्या काठाशी होता. ती खोकत होती, पण काठी सोडत नव्हती. तिने लोटूसरांना पाहिलं आणि बोटांनी खूण केली. पाच झाल्या, तीन राहिल्या.

लोटूसरांनी तिला खांद्यावर टाकलं. उपरणं सोडून तिच्या तोंडावर दाबलं. जिन्यात, सातव्या पायरीच्या आधी, त्यांना एकदा श्वास घ्यावाच लागला. तो त्यांनी घेतला, आणि आपण पोरांना काय घ्यायला शिकवलं होतं ते त्यांना पहिल्यांदा नीट कळलं.

गच्चीवर पोचल्यावर ते काही वेळ नुसते वाकून उभे राहिले. मग कठड्याशी गेले. चाळीतली बरीच माणसं फाटकाच्या चढावर जाऊन उभी होती. उषाबाई तिथून हात हलवत होत्या, आणि हात हलवता हलवता कुणाला तरी शिव्याही देत होत्या, म्हणजे त्या ठीक होत्या. पण चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत सात-आठ गाद्या तशाच पडल्या होत्या. त्यातल्या एकीवर चाळीतल्याच प्रमिलाबाई झोपल्या होत्या. एवढ्या गडबडीत, भर उन्हात. त्यांच्या एका हातात गादीचं टोक धरलेलं होतं, बाहेर ओढताना धरतात तसं. वाड्याच्या बाजूला मगनभाईची खुर्ची आडवी पडलेली दिसत होती, आणि तिच्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं. लांबून बंबाची घंटा ऐकू येत होती. ती जवळ येतेय की लांब जातेय, ते समजत नव्हतं.

“त्या बाजूला बघू नका रे,” आचार्य पोरांना म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता.

लोटूसर स्वातीजवळ येऊन बसले. तिला त्यांनी वाऱ्याकडे तोंड करून बसवलं, माठातलं उरलेलं पाणी तिच्या डोळ्यांवर ओतलं, फ्रॉकचं वरचं बटण काढलं. तिचे डोळे लालबुंद झाले होते. नाकातून श्वासाचा शूंऽऽ असा आवाज येत होता. ओठ मात्र गच्च मिटलेले.

“स्वाती, श्वास घेता येतोय?”

मान हलली. हो.

“छातीत दुखतंय?”

मान थोडी हलली. हो आणि नाही यांच्या मधली.

“बोल बरं. नाव सांग तुझं.”

ती बोलली नाही. ओठ आणखी आवळले. गाल फुगले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोरं भोवती गोळा झाली. “तिचा आवाज गेला,” वैभव हळूच म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

“स्वाती,” लोटूसर म्हणाले. त्यांचाही आवाज घासून निघत होता. “तू काही चुकली नाहीस. मी सांगितलं तस्संच तू केलंस. चुकलो मी. मला मंगळवारी कळलं होतं, बुधवारी मी लपवलं. ती ढाल मी आज उतरवतो, बाई. चाळीत दारोदार जाऊन सांगतो. सगळ्यांच्या पाया पडतो. हवं तर शाळा सोडतो. तू फक्त बोल. एक शब्द बोल.”

आचार्यांनी तोंड फिरवलं होतं. स्वातीने सरांकडे पाहिलं, मग आचार्यांकडे, मग गच्चीच्या स्वच्छ झाडलेल्या फरशीवरून तिची नजर चारी कोपऱ्यांत फिरली. तिने हनुवटी वर केली, काही सांडू नये अशा बेताने, आणि भरल्या तोंडाने विचारलं,

“सर, इथं थुंकलं तर चालेल?”